कॉपीराइट लिहून दिल्याशिवाय ओपन सोर्समध्ये काम करता येत नाही, हे खरे नाही

सोलापुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरतो आहे. ओपन सोर्स प्रकल्पाला, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा प्रकल्पाला, कोड द्यायचा तर कॉपीराइट लिहून द्यावाच लागतो, सही केल्यावर तो कोड स्वतःलाही वापरता येत नाही आणि अशी सही न घेणारा प्रकल्प न्यायालयात टिकत नाही, असे त्यात म्हटले आहे. पहिलाच पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायला निघालेली मुले यामुळे थांबतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘लिहून द्यावाच लागतो’ हे विधान चुकीचे आहे. लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, कोड देणारा २००४ पासून ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ जोडून तो कोड देण्याचा आपल्याला अधिकार असल्याचे सांगतो. कॉपीराइट लिहून देत नाही. जीसीसी या कंपायलर प्रकल्पाने फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या नावे हक्क लिहून देण्याची सक्ती २०२१ मध्ये उठवली. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये, किरकोळ बदल वगळता, ती आजही आहे. अपाचेसारख्या संस्था जो सीएलए, म्हणजे योगदानकर्त्याचा परवाना करार, मागतात, त्यात केवळ वापराचा परवाना दिला जातो आणि मालकी कोड लिहिणाऱ्याचीच राहते. माग विकणे आणि माग भाड्याने देणे यांतला फरक सोलापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथेही तोच फरक आहे.

सही केल्यावर कोड वापरता येत नाही, हेही सरसकट खरे नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या करारात कोड वापरण्याचा हक्क लेखकाला परत दिलेला असतो. शिवाय आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कलम ५७ मुळे, कॉपीराइट दिल्यानंतरही, लेखक म्हणून ओळखले जाण्याचा हक्क शिल्लक राहतो. काळजी करायचीच तर ती करारातल्या, प्रकल्पाचा परवाना बदलू देणाऱ्या कलमाची करावी, आणि नेमका त्याचाच उल्लेख त्या मजकुरात नाही. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचा ओपन सोर्स परवाना बदलला, तेव्हा त्यांच्याकडे योगदानकर्त्यांचे सीएलए होते. हक्क लिहून न देताही असे घडू शकते. आधीच प्रसिद्ध झालेला कोड मात्र जुन्याच परवान्याखाली राहिला आणि त्यावरच ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प उभा राहिला.

न्यायालयाचा मुद्दा तर २००४ मध्येच निकालात निघाला. लिनक्स कर्नलमधल्या नेटफिल्टर या फायरवॉलच्या एका भागाचे लेखक हाराल्ड वेल्टे यांनी जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयातून जीपीएल या कर्नलच्या परवान्याच्या उल्लंघनाविरुद्ध मनाई हुकूम मिळवला, तेव्हा संपूर्ण कर्नलचा कॉपीराइट त्यांच्या नावावर नव्हता. सगळे हक्क एका हाती असले की दावा चालवणे सोपे जाते, एवढेच त्या मजकुरातले मला मान्य आहे.

नोकरी करणाऱ्यांनी मात्र कॉपीराइट कायद्याचे कलम १७ आधी वाचावे. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. त्यामुळे तसा कोड कोणत्याही प्रकल्पाला देण्यापूर्वी कंपनीची लेखी परवानगी घ्यावी लागते, मग तो प्रकल्प सही मागो वा न मागो.