बडोद्याला समुद्र कुठाय?

"समुद्र तापला तर तापू दे, बडोद्याला समुद्र कुठाय?" दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या दादाने हे फॅमिली ग्रुपवर लिहिलं आणि माझं डोकं फिरलं. विषय साधा होता, बोंबील महागले. वहिनीच्या मते दलालांची लबाडी, काकांच्या मते ट्रॉलरवाले. मी पाण्याच्या तापमानाचं नाव काढलं, तर "आली अमेरिकेची शहाणी!"

मग शहाणपण पाजळलंच. मी राहते अमेरिकेच्या मेन राज्यात, पोर्टलंडला. 2012 साली इथलं पाणी इतकं तापलं की शेवंडांनी, म्हणजे लॉबस्टरनी, कित्येक आठवडे आधीच कवच टाकलं. मऊ कवचाचा माल जूनमध्येच धक्क्यावर येऊन पडला. हा माल घेणारे कॅनडातले कारखाने अजून तिकडचाच माल उरकत होते, त्यामुळे भाव कोसळला. 2016 ला विक्रमी माल निघाला, नंतर उतरणच. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की शेवंडाला सोसत नाही. खाली लाँग आयलंडच्या खाडीत 1999 लाच ढिगाने मेले. इथल्या थंड पाण्यातल्या कोलंबीची मासेमारी तर 2014 पासून बंद आहे. शेवटी केरळची तारली उत्तरेकडे कशी सरकत गेली, तेही लिहिलं. दादाने अंगठा दाखवला. इमोजीचा, पण अर्थ जुनाच.

एक मात्र लिहिलं नाही. माझा शेजारी जन्मभर ट्रॅप टाकत आलाय आणि तोही दादासारखंच बोलतो: समुद्राचं असं चालायचंच, खरा जाच सरकारी नियमांचा. त्याच्याशी मी वाद घालत नाही. एकदा घातला होता. "यू आर फ्रॉम अवे," तो हसत म्हणाला आणि पिशवीत दोन शेडर, म्हणजे नुकतंच कवच टाकलेले शेवंड, घालून दिले. सतरा वर्षं झाली मला इथे. आणि त्या 2012 च्या उन्हाळ्यात स्वस्तातले शेवंड आम्ही आठवड्यातून दोनदा लोण्यात बुडवून खाल्ले, तेव्हा पाणी कशाने तापलं हे मीही विचारलं नव्हतं.

बडोद्यात तरी कुठे आम्ही तिथले? पाच पिढ्या झाल्या तरी शेजारी आम्हाला "दक्षिणी"च म्हणायचे. आई सुके बोंबील भाजायला घेतले की आधी खिडक्या लावायची, मग उदबत्ती. इथे मी खिडकी उघडी ठेवते, पण बोंबील मिळतो तो इंडियन स्टोअरच्या फ्रीजरमधला, बर्फाने पांढराफटक.

काल रात्री दादाने फोटो पाठवला. रव्यातले बोंबील, ताटलीत मोजून पाच. खाली लिहिलेलं, "भाव विचारू नकोस."

मी विचारला.