बिल्ड बदलायचं? पोळा होऊ द्या, मग पाहू

भाऊ, कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्याचं तुमचं सॉफ्टवेअर काट्याजवळच्या विंडोजवर, ऑफिसातल्या लिनक्सवर आणि दिवाणजींच्या अँड्रॉइडवर चालतं, अन् तिन्हीकडचं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवायचं काम, सूचनांच्या एकाच मेकफाइलमधून निघतं. कोणी ते बदला म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ती फाइल वाचून बिल्ड करणारं 'मेक' हे साधन 1976 चं आहे. टॅबच्या जागी आठ स्पेस दिल्या की आजही 'मिसिंग सेपरेटर' म्हणून बसकण मारतं. अशी तत्त्वनिष्ठा आता कुठं राहिली?

मोजमाप तर मुळीच करू नका. काही न बदलता मेक लागोपाठ दोनदा चालवलं आणि दुसऱ्यांदाही सगळं कंपाइल झालं (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर झालं), तर डिपेंडन्सी, म्हणजे कोणती फाइल कोणावर अवलंबून त्या नोंदी, चुकल्यात हे कळेल. हेडर, म्हणजे अनेक फायलींत वापरलेली सामाईक फाइल, बदलूनही काहीच कंपाइल झालं नाही, तर झोपच उडेल. त्यापेक्षा आधीचं सगळं पुसणारं 'मेक क्लीन' मारा, बिल्ड नव्यानं लावा नि पानठेल्यावर जा. खर्रा घोटून होईस्तोवर बिल्डही होतं.

मधात लाइन गेली तर? येते ना परत! मदरबोर्डवरचा सेल मेलेला असला तर घड्याळ काही वर्षं मागं जातं, एवढंच. मेक फायलींच्या वेळा पाहतं. तुम्ही आत्ता दुरुस्त केलेली फाइल त्याला कालच्या ऑब्जेक्टहून (तिच्यापासून कंपाइल झालेल्या फाइलीहून) जुनी दिसते, मग ते तिला हातच लावत नाही. 'क्लॉक स्क्यू', म्हणजे घड्याळात गोंधळ, असा इशारा देतं खरं, पण इशारे वाचतो कोण?

तरीही सीमेकवर, म्हणजे बिल्डच्या फायली स्वतःच तयार करणाऱ्या साधनावर, जायचंच असेल, तर मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या की. अँड्रॉइडच्या एनडीके या किटसोबत सीमेकची टूलचेन फाइल (कंपाइलर कुठं आहेत ते सांगणारी) आयतीच येते, म्हणजे हातानं लिहिलेले कंपाइलरचे पत्ते जातील आणि ते फक्त तुम्हालाच ठाऊक असल्याचा मानही जाईल. फायलींची नावं लिहीत बसू नका, ग्लॉब लावा, म्हणजे 'इथल्या सगळ्या फायली घे' असा नमुना. नवी फाइल आली तरी सीमेक पुन्हा चालवेपर्यंत ती बिल्डमध्ये येणार नाही, आणि कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून बोंबलेल. मेसॉन हे असंच दुसरं साधन ग्लॉब देतच नाही, एवढा संशयी स्वभाव!

जुनी मेकफाइल मात्र काढू नका. विंडोजचं बिल्ड तिच्यातून, बाकीचं सीमेकमधून. जुन्यातल्या 340 व्या ओळीवर वजन 5 किलोच्या पटीत गोल करणारा एक मायनस डी फ्लॅग (कंपाइलरला दिलेली खूणगाठ) आहे, तो नव्यात उतरवायचा राहील. 'मेक मायनस एन'नं न चालवता नुसत्या छापलेल्या कमांडा आणि सीमेकची कंपाइल कमांड्सची जेसन फाइल शेजारी ठेवली तर तो सापडतो, म्हणून ठेवू नका. काट्यावर 1,235 किलो आणि दिवाणजींच्या मोबाइलवर 1,237 आलं, शेतकरी भांडायला उभा राहिला, तर त्याला दोन्ही बिल्डांवरची 'यशस्वी'ची हिरवी खूण दाखवा.