एर्मा बॉम्बेकचा नंबर

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. भाच्याच्या सासऱ्यांना किडनी हवी आहे. ‘झेडटीसीसीमध्ये कुणाची ओळख आहे का? यादीत नाव जरा वर घ्यायचंय. पैशाचा प्रश्न नाही.’ झेडटीसीसी म्हणजे अवयवांसाठी थांबलेल्यांची यादी सांभाळणारी संस्था. आणि त्याखाली धडाधड उत्तरं. एकाचा मंत्रालयात मित्र, दुसऱ्याची कुठल्याशा हॉस्पिटलच्या ट्रस्टींबरोबर उठबस, तिसऱ्याने तर फोन नंबरच टाकला. वर म्हणजे नक्की कुणाच्या वर, हे एकानेही विचारलं नाही.

दुपारपर्यंत गप्प बसले. आता नाही बसवत.

एर्मा बॉम्बेक ही विनोदी सदरं लिहिणारी लेखिका कुणाला आठवते का? पुण्यात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिची पिवळी पडलेली पुस्तकं हमखास मिळायची. आमच्या ताईने तिथूनच आणलेली. बाई अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटनची, जन्म 1927 चा. पंधराव्या वर्षी तिथल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत कॉपीगर्ल म्हणून लागली, म्हणजे मजकुराचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर पोचवायचे. विसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की किडन्यांमध्ये गाठी होत जाणारा आनुवंशिक आजार आहे, पुढे कधीतरी त्या निकामी होणार. हे पोटात ठेवून तिने पुढचं सगळं आयुष्य हसवत काढलं.

तीन मुलं वाढवता वाढवता 1964 मध्ये तिने एका स्थानिक साप्ताहिकात सदर सुरू केलं. एका लेखाचे तीन डॉलर. पुढच्या वर्षी डेटनच्या दैनिकाने तिला घेतलं आणि तीन आठवड्यांत तिचं सदर 36 वर्तमानपत्रांत जायला लागलं. पुढे ही संख्या 900 झाली. चार हजारांवर लेख लिहिले तिने. विषय काय, तर धुण्याचे ढीग, मुलांची भांडणं, टीव्हीसमोरून न हलणारा नवरा. याला पत्रकारिता म्हणत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. लाखो घरांतल्या बायकांचा दिवस कसा जातो ही बातमीच होती, आणि ती तिच्याआधी फारसं कुणी छापत नव्हतं. शिवाय 1978 पासून स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी ती राज्याराज्यांत भाषणं देत फिरली.

ताई डायलिसिसला असताना मी तिला हे लेख वाचून दाखवायचे. चार तास सुई टोचलेला हात हलवायचा नाही, मशीनची घरघर, एसीचा गारठा. इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा यायचा, म्हणून मी जमेल तसं मराठीत सांगत जायचे. पलीकडच्या बेडवर एक कॉलेजातला मुलगा असायचा. तोही ऐकायचा आणि ताईच्या आधी हसायचा. पाणी मोजून प्यायचं, बटाटा चिरून भिजवून पाणी काढून टाकल्याशिवाय खायचा नाही, तहान लागली की बर्फाचा खडा चघळायचा. दोघांचे नियम तेच, म्हणून दोघांचं गूळपीठ.

याच ताईसाठी आमच्या एका नातेवाइकाने वशिला शोधला होता. ‘एक फोन करतो, काम होईल.’ ताईने त्याला समोर बसवून विचारलं, “त्या पोराचं नाव माझ्या आधीचं आहे. तुझ्या फोनने त्याचं काय होणार?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फोन झाला नाही.

आता बॉम्बेकबाईंकडे. 1992 मध्ये स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया. मग किडन्यांनी हात टेकले. 1993 मध्ये तिने आजार जाहीर केला. घरच्या घरी, पोटातून करायचं डायलिसिस, दिवसातून चार वेळा, आणि मधल्या वेळात लेख. घराघरात ओळखीचा चेहरा होता तो, अकरा वर्षं सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात येत होती. तिने एखाद्या बड्या डॉक्टरला नुसतं सुचवलं असतं तरी कुणी ना कुणी धावलं असतं. तिने ते केलं नाही. प्रसिद्धीचा वापर करून आधी किडनी मिळवायला तिने नकार दिला आणि यादीत सगळ्यांसारखी थांबली.

हे ज्या काळात घडलं तोही लक्षात घ्या. 1995 च्या जूनमध्ये बेसबॉलचा दैवत मानला गेलेला मिकी मँटल यादीत नाव लागल्यावर एक-दोन दिवसांतच यकृत घेऊन बसला. देशभर संशयाची कुजबुज झाली. ऑगस्टमध्ये तो गेलाही. त्याच्या भागात तोच सर्वांत अत्यवस्थ होता असं डॉक्टरांनी सांगितलं. असेल, मी मानते. पण लोकांच्या मनात ती शंका आली, आणि शंका आली की अवयव द्यायला पुढे येणारा हात मागे जातो. एका बाजूला हे चाललेलं असताना दुसरीकडे ही बाई घरात नळ्या लावून बसली होती आणि आपला नंबर येण्याची वाट बघत होती.

नंबर आला 3 एप्रिल 1996 ला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. 17 एप्रिलला तिचा शेवटचा लेख छापून आला. 22 एप्रिलला गुंतागुंत वाढून ती गेली, वयाच्या 69 व्या वर्षी.

लगेच म्हणाल, बघा, आधी मिळाली असती तर वाचली असती. कदाचित वाचली असती. ताईच्या दहाव्यालासुद्धा हेच ऐकलं मी, तिच्याच फोटोसमोर: “हट्टीपणा नडला. फोन करू द्यायला हवा होता.” त्या क्षणी माझा जो संताप झाला तो आज सकाळी पुन्हा झाला. अरे, ती किडनी काय आकाशातून पडणार होती? कुणाचा तरी तरुण मुलगा अपघातात मेंदूमृत होतो. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात. त्याची आई छाती गरम असलेल्या मुलाकडे बघत सही करते. ती सही तुमच्या मंत्रालयातल्या मित्राला बघून केलेली नसते! यादी नीट चालते, कोण किती काळ डायलिसिसवर आहे, वय काय, याचे गुण बघितले जातात, या एका विश्वासावर ती सही करते. तो विश्वास तुम्ही एका फोनवर विकायला निघालात.

हो, बॉम्बेकबाई श्रीमंत होत्या, त्यांना घरी डायलिसिस परवडत होतं. आपल्याकडे गरीब माणूस यादीपर्यंत पोचतच नाही, हेही खरं. पण म्हणूनच तर जो कसाबसा पोचलाय त्याला मागे ढकलू नका.

त्या बेडवरच्या मुलाला किडनी मिळाली. ताई तेव्हा होती. बातमी ऐकून तिने दोन्ही हातांनी त्याच्या आईचा चेहरा धरला. आज तो नोकरी करतो, मला दिवाळीला फोन करतो. हट्टीपणा नडला म्हणणाऱ्यांनी त्याला एकदा समोर बसवून हे म्हणून दाखवावं.

लिहिता लिहिता थोडी शांत झाले. भाच्यावर राग नाही माझा. घरातल्या माणसाचे पाय सुजत चाललेले बघून कुणीही कुणाच्याही दारात जातो. तेव्हा त्याच्यासाठी नीट सांगते.

बाळा, ‘पैशाचा प्रश्न नाही’ हे वाक्य आधी ग्रुपवरून काढ. किडनीची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. यादीत नाव मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फतच लागतं, ते लागलंय का ते विचार. आणि यादीची वाट बघण्याआधी घरात बघ. नवरा-बायको, मुलं, भावंडं, नातवंडं कायद्याने जवळच्या नात्यात बसतात. सासूबाईंचा रक्तगट जुळत नसला तरी दुसऱ्या तशाच कुटुंबाबरोबर अदलाबदल करता येते, कायद्यात त्याची सोय आहे. कागद जमवायला, डॉक्टरांकडे बसायला मी येते, म्हणशील तितक्या वेळा. फोन मात्र मी कुणाला करणार नाही, आणि ज्यांनी नंबर टाकलेत त्यांनी ते काढावेत.

सासूबाईंच्या आणि दोन्ही मुलांच्या तपासण्या झाल्यात का, तेवढं मला आज रात्री कळव.