प्रमाणपत्र ताजं ठेवताना घ्यायची काळजी

तुम्ही डेटाबेस सांभाळता, म्हणजे डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीची परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र असणारच. नसेल तर पुढे वाचू नका. नुसतं काम येतं म्हणून स्वतःला डीबीए, म्हणजे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणवणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

आधी ते कुठल्या व्हर्जनचं आहे ते बघा. ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसचं असेल तर आकड्यापेक्षा शेपटीचं अक्षर महत्त्वाचं. ८आय, ९आयमधला ‘आय’ इंटरनेटचा, १०जी, ११जीमधला ‘जी’ ग्रिडचा, १२सीपासूनचा ‘सी’ क्लाउडचा. जे १२.२.०.२ व्हायचं होतं, ते २०१८ मध्ये १८सी होऊन आलं. रात्री बारावर झोपलेला माणूस सकाळी सहा आकडे मागे पडला होता, आणि दोष अर्थातच त्याच्या झोपेचा! पुढे २३सी म्हणून गाजवलेलं व्हर्जन २०२४ मध्ये २३एआय झालं. म्हणून अभ्यास सुरू करताना वहीवर नाव पेन्सिलीनेच लिहा.

मायक्रोसॉफ्टवाले त्या मानाने कनवाळू. त्यांनी एमसीएसए, एमसीएसई ही जुनी बिरुदं जानेवारी २०२१ अखेर बंदच केली. काय ताजं ठेवायचं हा प्रश्नच मिटला. त्यांच्या अझूर या क्लाउडवरच्या नव्या ‘अझूर डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष. नूतनीकरण फुकट, घरबसल्या, पुस्तक उघडं ठेवून. मुदतीआधी सहा महिने ही खिडकी उघडी असते. तुम्ही मात्र शेवटच्या रात्रीच डोकवा. एक दिवस चुकला की मूळ परीक्षा पुन्हा पहिल्यापासून, तीही पैसे भरून.

आता तयारी. डंप म्हणजे डेटाबेसमधला डेटा बाहेर काढलेली एक्सपोर्टची फाइल, असा तुमचा भाबडा समज असेल. परीक्षेच्या जगात डंप म्हणजे फुटलेले प्रश्न. ते थेट डोक्यात इंपोर्ट करा आणि पेपर झाला की ड्रॉप, म्हणजे डिलीट. कायमचं पुसणारा ‘पर्ज’ हा शब्द लावायला विसरू नका, नाहीतर १०जीपासून ड्रॉप केलेलं टेबल रिसायकल बिनमध्ये पडून राहतं, तसं एखादं उत्तर मागे राहायचं आणि पुढच्या व्हर्जनच्या पेपरात नडायचं. या सगळ्यात बॅकअप रिस्टोअर करून पाहायला वेळ मिळाला नाही तरी हरकत नाही. बॅकअप आहे ना, मग झालं.

बदल मागे घेता यावेत म्हणून जुना डेटा ठेवायची जागा, म्हणजे रोलबॅक सेगमेंट, हाताने मापून देणारे बुजुर्ग ९आयच्या आपोआप चालणाऱ्या अनडूने केव्हाच निकालात काढले. त्यांच्याशी बोलू नका, चुकून काहीतरी समजेल.

तुम्ही रात्री जागून कंटेनर आणि प्लगेबल डेटाबेस, म्हणजे एका डेटाबेसच्या पोटात अनेक डेटाबेस ठेवायची १२सीपासूनची सोय, पाठ कराल, आणि सकाळी ऑफिसात त्याच ११.२ समोर बसाल, ज्याला कंटेनर हा शब्दही माहीत नाही. अपग्रेडचा विषय दर बैठकीत निघतो आणि पुढच्या तिमाहीत जातो. तेव्हा एक दिवस साहेब विचारतील, “आपण जे वापरतो, त्याचं प्रमाणपत्र आहे का हो तुमच्याकडे?” लगेच अर्ज करायला धावू नका. ती परीक्षा बंद झाली आहे.