स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली बसवण्याचा सल्ला कोणीही मानू नये

माझ्या भाच्याने नुकतीच सहा वर्षे वापरलेली एक हॅचबॅक विकत घेतली आहे. गेल्या आठवड्यात त्याने मला व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, “मामा, दोन हजारांत होतंय. रविवारी करून घेऊ का?” त्यानंतर तोच संदेश मला आणखी दोन गटांत दिसला. त्यातील दावे थोडक्यात असे: स्प्रिंगचे दोन वेढे कापले की गाडी खाली बसते, महागड्या तयार स्प्रिंगांची गरज नसते; शॉकॲब्सॉर्बर जुनेच चालतात; गाडी जितकी खाली तितकी वळणावर पक्की; मायलेज वाढते; कायद्याची आडकाठी नाही; आणि गतिरोधक तिरके घेतले की गाडी घासत नाही. भाच्याला मी फोनवर नको म्हटलेच, परंतु हा संदेश जेथे जेथे पोहोचला आहे तेथे त्याचे उत्तरही पोहोचावे, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत घातक दावा पहिला आहे. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेढ्याच्या व्यासाच्या घनाच्या आणि कामाच्या, म्हणजे भाराखाली प्रत्यक्ष दबणाऱ्या, वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला हे सूत्र शिकवले जाते आणि या एका सूत्रावर संदेशातील निम्मे दावे कोसळतात. समजा, स्प्रिंगला कामाचे सहा वेढे आहेत. त्यांतला एक कापला तर स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक होते, दोन कापले तर ५० टक्क्यांनी. म्हणजे कापणारा माणूस केवळ उंची कमी करत नसून, उत्पादकाने त्या गाडीच्या वजनासाठी ठरवलेली स्प्रिंगच बदलत असतो, आणि तीही नवा कडकपणा किती झाला हे न मोजता.

याहून गंभीर प्रश्न स्प्रिंग जागेवर राहण्याचा आहे. चाक पूर्ण खाली लोंबकळते तेव्हासुद्धा मूळ स्प्रिंग वरच्या आणि खालच्या बैठकीत थोडी दाबलेलीच राहील, अशा बेताने तिची मोकळी लांबी ठरवलेली असते. दोन वेढे गेले की ही पकड उरत नाही. मग चाक मोठ्या खड्ड्यात उतरले किंवा गाडी जॅकवर उचलली की स्प्रिंग बैठकीत सैल होते, आणि भार परत येताना ती वाकडी बसू शकते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा, पीळ घेऊ शकणारा आडवा दांडा असतो आणि स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर वेगवेगळे बसवलेले असतात. तेथे सैल झालेली स्प्रिंग जागेवरून निसटून बाहेरही पडू शकते. कित्येक स्प्रिंगांचा शेवटचा वेढा बैठकीच्या खोबणीत नेमका बसावा म्हणून मुद्दाम लहान केलेला असतो. तोच कापला तर उरलेले रुंद टोक तेथे नीट बसतच नाही.

कापण्यासाठी गॅस कटर वापरला तर आणखी एक दोष भर घालतो. स्प्रिंगचे पोलाद कठीण करून नंतर ठरावीक तापमानाला टेम्पर केलेले, म्हणजे ठिसूळपणा जाण्यासाठी पुन्हा तापवलेले असते, आणि त्यातूनच तिची लवचिकता येते. ज्योतीने त्या जागेचे तापमान टेम्परिंगच्या कितीतरी वर जाते. मग कोठे पोलाद मऊ पडते, तर कोठे झटकन थंड होऊन ठिसूळ होते, आणि पुढे भाराखाली स्प्रिंग तेथेच मोडण्याची भीती असते. ग्राइंडरने थंडपणे कापल्यास हा दोष टळतो, हे मान्य. परंतु सैल स्प्रिंगचा प्रश्न त्याने सुटत नाही.

शॉकॲब्सॉर्बर जुनेच चालतात, हा दावाही त्याच सूत्रापुढे टिकत नाही. स्प्रिंगची उसळी आवरणे हे शॉकॲब्सॉर्बरचे काम आहे आणि त्याच्या आतल्या झडपा मूळ स्प्रिंगला जुळवलेल्या असतात. स्प्रिंग ५० टक्क्यांनी कडक झाली तर तीच स्थिरता राखण्यासाठी सुमारे २२ टक्के अधिक अवरोध लागतो. सहा वर्षे वापरलेल्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये मूळचाच अवरोध पुरता शिल्लक असेल, याची खात्री नसते. शिवाय गाडी खाली आली की चाकाला वर सरकायला मिळणारी जागा तेवढीच कमी होते. बम्प स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाची वरची हालचाल थोपवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत, ८० मिलिमीटर जागा असेल आणि गाडी ५० मिलिमीटर खाली आणली, तर ३० उरतात. साध्या खड्ड्यातही गाडी बम्प स्टॉपवर आपटू लागते, आणि वळणावर असताना तसे झाले तर त्या चाकावरील भार एकदम वाढून टायरची पकड अचानक सुटू शकते.

वळणावरच्या पक्केपणाबद्दलच्या दाव्यात अर्धे तथ्य आहे, तेवढे मान्य करावेच लागते. वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतो. ती उंची ५५० मिलिमीटर असेल आणि गाडी ३० मिलिमीटर खाली आली, तर हा भार सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटतो. पण “जितकी खाली तितकी पक्की” हे खरे नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीत चाकाला खालून धरणारा आर्म चाकाकडे वर झुकेपर्यंत गाडी खाली आणली, की ती ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो. दोहोंमधले अंतर, म्हणजे गाडीला कलंडवणारी तरफ, उलट वाढते. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचा कोनही बदलतो आणि प्रत्येक उसळीला चाक थोडेसे आपोआप वळू लागते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन पुन्हा जुळवणे, केले नाही तर टायर एका बाजूने झिजतात.

मायलेजचा दावा फार वेळ देण्याजोगा नाही. महामार्गावर हवेचा अवरोध किंचित कमी होऊ शकतो. शहरात त्याचा उपयोग जवळपास शून्य. कायद्याविषयीचे विधान मात्र दिशाभूल करणारे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधने घालते, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपासून फरक पडेल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनुमती नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

“जर्मनीत सगळे करतात” असेही त्या संदेशात आहे. करतात, पण तेथे खास त्या मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा प्रमाणपत्रासह विकल्या जातात, कोणत्या ॲक्सलवर किती भार चालेल हे त्यात नोंदवलेले असते आणि बसवल्यानंतर गाडीची तपासणी होते. जुळणारे शॉकॲब्सॉर्बर, आखूड बम्प स्टॉप आणि अलाइनमेंट धरून केलेल्या २५-३० मिलिमीटरच्या अशा बदलाला तांत्रिक दृष्टीने माझा आक्षेप नाही. मात्र वेढे कापणे त्या कामाची स्वस्त आवृत्ती नव्हे.

राहिला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. असा गतिरोधक पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २.४५ मीटर असलेल्या गाडीच्या पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर जागा घेतो. परंतु आपल्या गल्ल्यांत लोकांनी स्वतः घातलेले अरुंद, उंच गतिरोधक सर्वत्र आहेत, आणि ते आपल्या पूर्ण उंचीनिशी गाडीच्या पोटाखाली येतात. ते तिरके घेतले की पोट कदाचित वाचते. पण तेव्हा एका वेळी एकच चाक वर चढते आणि दुसरे एखादे चाक भार सुटून खाली लोंबकळते. कापलेली स्प्रिंग बैठकीत सैल होते ती नेमकी याच अवस्थेत.