पायाळू पाहिजे

सकाळी सात वाजता मी पाण्याचा वीस लिटरचा जार उचलला. म्हणजे उचलायला वाकलो. पुढे जारही जागचा हलला नाही आणि मीही. कमरेत अशी उसण भरली की ओट्याशी काटकोनात थिजून उभा राहिलो.

"काय पडलं?" बायकोने चहा गाळता गाळता विचारलं.

"मीच."

नाशिकचा पूर आम्ही दुतोंड्या मारुतीवर मोजतो. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की लोक बघायला जातात, कमरेला लागलं की सराफ बाजारात सामानाची हलवाहलव सुरू होते. त्या दिवसापासून सोसायटीने माझ्यावर तसंच लक्ष ठेवलं. वॉचमन रोज खालून ओरडून विचारायचा, "साहेब, आज किती सरळ?" मी म्हणायचो, "कालच्यापेक्षा दोन बोटं."

सिन्नरहून सासूबाईंनी एसटीने निर्गुडीचा पाला पाठवला. तो तव्यावर परतायचा, फडक्यात बांधायचा आणि सोसेल तितका गरम शेकायचा. 'सोसेल' कुणाला, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. बायकोने स्वतःवरून ठरवलं. बनियनवर पडलेला तो हिरवा डाग अजून गेलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांनी बांधकामावरून वीट आणली, गॅसवर तापवली आणि गोणपाटात गुंडाळून पाठीवर ठेवली. गोणपाट जळल्याचा वास आधी मला आला, काकांना नंतर. आईने मेथीचे लाडू केले. त्याने कंबर सुटली नाही, फक्त वाढली.

शेवटी कॉलेज रोडवरच्या डॉक्टरांकडे गेलो. पायाला बधिरपणा आहे का, लघवीवर ताबा आहे ना, ताप, मार, पडणं? सगळ्याला माझं उत्तर समाधानकारक निघालं. "मग एक्स-रे नको. झोपून राहू नका, जमेल तसं चाला. काही आठवड्यांत बहुधा आपोआप सुटेल." इतकं दुखतंय आणि साधा फोटोही नाही! माझं तोंड पाहून त्यांनी प्लास्टिकचा मणका काढून दाखवला. मणक्यांमधल्या गाद्या रात्री पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण सेंटीमीटरभर उंच असतो आणि उठल्याउठल्या वाकणं जास्त जड जातं. जार उचलायचाच तर गुडघे वाकवून, अंगाशी धरून, आणि जरा उशिरा.

"तरीच सकाळी तोरा असतो," बायको म्हणाली.

आईला मात्र यातलं काही पटलं नाही. "पायाळूची लाथ बसल्याशिवाय उसण जात नसते." जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस तो पायाळू. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'पायाळू पाहिजे, तातडीने.' चार हात जोडलेले आले, एक शुभ सकाळ आलं, आणि नव्या भाडेकरूने विचारलं, "ऑनलाइन मिळेल का?"

खरी अडचण वेगळीच होती. हल्ली बाळ पायाकडून येतंय म्हटलं की डॉक्टर बहुतेक वेळा सिझर करतात. त्यामुळे अस्सल पायाळू सगळे साठीच्या पुढचे, आणि त्यांचे स्वतःचेच गुडघे गेलेले. समोरच्या ब्लॉकमधला पहिलीतला पोरगा होता पायाकडून, पण सिझरचा. चालेल का? आमच्या हॉलमध्ये यावर तासभर खल झाला. "पोटातून काढला तो पायाळू कसला?" काकांचा मुद्दा. आईने निकाल दिला, "त्याचा विचार तर पायानेच यायचा होता ना? मग झालं."

संध्याकाळी मी सतरंजीवर पालथा पडलो. पोराने दोन पावलं मागे घेतली, जिभेचं टोक बाहेर काढलं आणि पेनल्टी किक मारावी तशी हाणली. लागली बरगडीत. "परत मार, खाली," आई म्हणाली. दुसरी बरोब्बर बसली. मानधन एक बर्फाचा गोळा, काला खट्टा.

पंधरा दिवसांत कंबर सुटली. श्रेय सासूबाई निर्गुडीला देतात, आई लाथेला. मी रोज कृषीनगरच्या ट्रॅकवर चाललो, हे कुणाच्या खिजगणतीतही नाही. पोराला मात्र बरं झालोय हे सांगायचं राहूनच गेलं.

काल सहा वाजता बेल वाजली. दारात तो, एक चप्पल आधीच काढून हातात धरलेली. "काका, आज ऑरेंज."

मी सतरंजी अंथरली.