हा शासन निर्णय अस्तित्वात नाही

परवा परभणी जिल्ह्यातल्या एका ऑनलाइन सेवा केंद्रावर, भर रांगेत, मोबाइल कंपनीच्या बाईने स्पीकरवरून जाहीर केलं की मी दाखवलेला शासन निर्णय अस्तित्वात नाही. रांग हसली. केंद्रचालक हसला. प्रिंटरमध्ये मघापासून अडकलेला कागदही नेमका तेव्हाच सुटला.

मी दर रविवारी राज्य सरकारच्या आठवडाभराच्या निर्णयांचा गोषवारा लिहितो. मंगळवारची मंत्रिमंडळ बैठक, मग शासन निर्णय, परिपत्रकं, शुद्धिपत्रकं आणि मुदतवाढी. तालुक्यातली बरीच मंडळी तो आवडीने पुढे पाठवतात. वाचतात की नाही, हे त्या दिवशी कळलं.

रांग अतिवृष्टीच्या मदतीच्या ई-केवायसीची होती. माझ्या पुढे एक नाना. प्लास्टिकच्या एकाच पिशवीत त्यांचं पासबुक, आधार, सातबारा आणि मोबाइल. मोबाइलच्या पडद्यावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं होती: ‘आत्ताची सर्वात मोठी बातमी! सरसकट हेक्टरी ५० हजार मंजूर! उद्या सकाळी खात्यात!’ खाली पाचशेच्या नोटांची चळत आणि हात जोडलेला एक मंत्री. ते खातं त्या मंत्र्याकडून केव्हाच गेलंय, पण चित्रातले हात अजून जोडलेलेच.

“सर, तुम्ही लिव्हलेलं बगितलं मी,” नाना म्हणाले. “साडेआठ हजार म्हनं. ते जुनं हाय. माझं नवीन हाय.”

“नाना, ह्याच्यावर तारीख कुठंय?”

“तारीख कामून पाहिजे? सकाळीच आलंय.”

“कुणाकडून आलं?”

“जावयाकडून.”

इथे वाद संपायला हवा होता. आमच्याकडे जावयाच्या निरोपाला कुणी पुरावा मागत नाही. पण मी मागितला.

“आवो, इथं लिव्हलंय की, ‘आत्ताची’,” नाना मला शांतपणे समजावू लागले. “तुमच्यावर तारीख हाय, म्हंजी ते त्या तारखेपुरतं झालं. हे आत्ताचं हाय. उद्या वाचलं तरी आत्ताचंच.”

या युक्तिवादाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. तारीख घातली की बातमी शिळी होणार, तारीख काढून टाकली की ती कायम ताजी राहणार. मी नेटाने सांगितलं की हेक्टरी ५० हजार ही मागणी होती. शेतकरी संघटनांनी केली, विरोधी पक्षांनी केली, पण निर्णय तसा झालेला नाही.

“मागनीच की. मागितलं म्हनून तर दिलं. न मागता कोन देतंय?”

रांगेने माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “सर, तुम्ही सरकारचे का आमचे?” केंद्रचालकाने कीबोर्डवरून नजर न उचलता फर्मान सोडलं, “दाखवा की मग जीआर.” मी दाखवला. इथून पुढे माझ्या अब्रूचं जे झालं ते त्या कागदाच्या शेवटच्या परिच्छेदामुळे झालं. प्रत्येक शासन निर्णयाच्या तळाशी तेच वाक्य असतं, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. मी त्या संकेतांकावर बोट ठेवलं. बनावट कागद ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

“हा नंबर कुनाचा?”

“शासन निर्णयाचा. अठरा आकडी असतो. पहिले आठ आकडे तारखेचे, पुढचे वेळेचे, शेवटचे दोन खात्याचे.”

“कुन्या खात्याचे?”

“ज्या खात्याने काढला त्याचे.”

“तेच म्हनूलालाव मी. त्येंच्या खात्यात आलं, आमच्या खात्यात कवा येतंय?”

रांग पहिल्यांदा हसली ती इथे. मी काही बोलायच्या आत नाना आकडे दाबू लागले होते. “लावून तर बगू. खरा असंल तर लागंल.” अठरापैकी दहा दाबून झाल्यावर म्हणाले, “बास. दहाच लागत्यात.” म्हणजे नानांनी एक तारीख आणि एक तास यांना फोन लावला होता. आणि स्पीकर चालू केला.

“आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा.”

“बगा,” नाना मोबाइल रांगेकडे फिरवत म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, माझी कीव होती, आणि तीच जास्त लागली. मागच्या एका मावशींनी माझी बाजू घेतली. “दुसऱ्या कंपनीचं कार्ड असंल ओ सरायचं.”

तर आता त्या रांगेत कुणी ऐकून घेतलं नाही ते इथे सांगतो. ७ ऑक्टोबर २०२५ ला, मंगळवारीच, राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. बातम्यांत आकडे आले ते असे: कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००. हे आकडे खरेच आहेत, फक्त ते बेरीज करून छापलेले आहेत. आपत्तीच्या ठरलेल्या निकषाने कोरडवाहूला ८,५००, हंगामी बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला (बातम्यांतली नुसती ‘बागायती’) २२,५०० मिळतात. त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० वेगळे धरले. दोन्हींचे कागद वेगळे, पैसा वेगळा, खात्यात पडायचा दिवसही वेगळा. एरवी दोन हेक्टरची असलेली मर्यादा या वेळी तीन हेक्टर झाली.

नानांचं सोयाबीन दीड एकर, म्हणजे साधारण ६० आर. पहिल्या हप्त्याला ५,१०० आणि रब्बीचे ६,०००, तेही पंचनाम्यात पूर्ण क्षेत्र लागलं असेल आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर दाखवलं असेल तर. जावयाच्या हिशेबाने ३०,०००. आता मला सांगा, रांगेने कुणाचं ऐकावं? मीसुद्धा जावयाचंच ऐकलं असतं.

खरडून गेलेल्या जमिनीचं तर आणखी वाईट. हेक्टरी ४७ हजार रोख, आणि ३ लाख रोजगार हमीतून, म्हणजे कामाच्या रूपाने. बातमीत दोन्ही एकत्र करून साडेतीन लाख झाले. ज्याच्या शेतात आता नुसते दगडगोटे उरलेत तो माणूस साडेतीन लाखांची बातमी घेऊन तहसीलमध्ये जातो, आणि तिथला कारकून त्याला रोहयोचं मागणीपत्र भरायला सांगतो. मग शिव्या कुणाला बसतात? कारकुनाला. बेरीज करणारा मुंबईत असतो.

आमच्या गोषवाऱ्याचं खरं दुखणं इथेच आहे. मागणी, आश्वासन, घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय, शासन निर्णय आणि निधीचं वितरण या सहा वेगवेगळ्या गोष्टी. मराठी बातमीत या सहाही गोष्टी ‘मंजूर’ होतात. मंत्रिमंडळाने ‘मान्यता’ दिली म्हणजे अजून कागद निघायचाय. ‘तत्त्वतः मान्यता’ असेल तर कागदाचा विचारही अजून निघायचाय. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे कामाचा खर्च कबूल केला. आणि ‘सुप्रमा’, सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम रेंगाळलं, खर्च वाढला आणि वाढलेला खर्चही कबूल केला. मराठवाड्यातल्या सिंचन प्रकल्पांच्या वाट्याला ही सुप्रमा इतक्या वेळा येते की वर्तमानपत्रवाले ती आनंदाची बातमी म्हणून छापतात. प्रकल्प महागला, पेढे वाटा.

घोषणांच्या बाबतीत आमचा विभाग उपाशी नाही, हेही सांगितलं पाहिजे. ४ ऑक्टोबर २०१६ ला अख्खं मंत्रिमंडळ औरंगाबादेत बसलं होतं. १६ सप्टेंबर २०२३ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी, पुन्हा बसलं. तोवर शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं होतं, आणि घोषणांचा आकडा ४५ हजार कोटींच्या वर गेला होता. पश्चिमेकडे वाहून जाणारं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवायचं, हे तेव्हाही होतं. ते कायमच असतं. आठही जिल्ह्यांत तो आकडा लोकांना पाठ आहे. त्यातलं कोणतं काम कुठवर आलं हे विचारलं की मात्र गप्पा पावसावर घसरतात.

मी स्वतः शासन निर्णय खालून वर वाचतो. वरचा ‘वाचा’ हा भाग जुन्या निर्णयांची यादी असतो. ‘प्रस्तावना’ म्हणजे सरकारला शेतकऱ्याची किती काळजी आहे त्याचं वर्णन. ही दोन्ही आधी ओलांडावीत. तळाला ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि त्याखाली प्रतींची यादी असते. ही यादी राज्यपालांच्या सचिवांपासून सुरू होते आणि ‘निवडनस्ती’वर, म्हणजे कार्यालयात जपायच्या फाइलवर, संपते. तुमच्या जिल्हाधिकाऱ्याला प्रत आहे का ते तिथे दिसतं. त्याच्या वर संकेतांक, आणि त्याच्याही वरचा परिच्छेद खरा मोलाचा: खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, भागवायचा, आणि वित्त विभागाची सहमती कोणत्या अनौपचारिक संदर्भाने मिळाली. लेखाशीर्ष नसेल तर त्या कागदातून रुपया निघणार नाही, वरची प्रस्तावना वाचून डोळ्यांत पाणी आलं तरी. आणि असलं तरी निधी आधी विभागाकडून बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, जिल्ह्याला सुटावा लागतो, मग याद्या जुळाव्या लागतात, मग कुठे बँक. तरतूदच नसेल तर डिसेंबरात नागपूरला पुरवणी मागण्यांची वाट बघायची.

हे सगळं मी दर आठवड्याला लिहितो. कुणाला नको असतं. आकडा मोठा आणि वाट लहान, एवढंच लोकांना हवंय, आणि नानांच्या जावयाला ते बरोबर जमलंय.

वाट खरोखर किती लांब असते ते नानांच्याच कागदांत दिसत होतं. ज्यांच्याकडे ॲग्रिस्टॅकचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचं, शेतकरी ओळखपत्र आहे त्यांना या मदतीसाठी ई-केवायसीतून सूट दिली होती. १५ एप्रिल २०२५ पासून ते ओळखपत्र कृषी योजनांना लागतंच. नानांचं अडकलं होतं, कारण सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर आडनावासकट दुसरंच. म्हणून ते रांगेत. ग्रामपंचायतीत लागलेल्या यादीतला व्हीके नंबर, म्हणजे ज्याचा त्याचा विशिष्ट क्रमांक, त्यांनी हाताच्या पंजावर पेनाने लिहून आणला होता आणि घामाने शेवटचे दोन आकडे पुसले होते. पुन्हा यादी, पुन्हा फोन. मग अंगठा. आयुष्यभर खुरपं धरलेला अंगठा मशीनला वाचता येत नाही. मग दुसरा अंगठा, मग बोटं एकेक करून, शेवटी डोळ्याचं यंत्र. इथे केंद्रचालकाने एक चांगलं काम केलं: अंगठ्याआधी पडद्यावरचं क्षेत्र आणि रक्कम नानांना मोठ्याने वाचून दाखवली. क्षेत्र चूक असेल तर तक्रार तिथेच नोंदवावी, अंगठा उमटल्यावर तहसीलच्या फेऱ्या सुरू होतात.

रक्कम ऐकून नाना म्हणाले, “हा पहिला हप्ता असंल.” मी काही बोललो नाही.

आणि यापुढचा एक खड्डा तर जाहीरच होत नाही. पैसा पासबुक दाखवलेल्या खात्यात जात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. ‘आधार बँकेत दिलंय’ एवढं पुरत नाही. एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत ज्या बँकेचं नाव सगळ्यात शेवटी चढलं असेल त्या बँकेत रक्कम पडते. कधीतरी शून्य रुपयांत उघडलेलं, पासबुक हरवलेलं एक खातं असतं, आणि शेतकरी इकडे रोज जिल्हा बँकेत नोंद मारून बघत असतो. अनुदान आलंच नाही असं सांगणाऱ्या माणसाला मी आधी हेच विचारतो. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग कुठं आहे’, म्हणजे सरकारी पैसा थेट पडायला आधार कोणत्या खात्याला जोडलंय, असं नेमकं विचारायचं. ‘लिंक आहे का’ विचारलं तर उत्तर ‘आहे’ असंच मिळतं.

गोषवाऱ्यात एकच बातमी लोक शेवटपर्यंत वाचतात, मुदतवाढीची. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीला सप्टेंबर २०२५ मध्ये दोन महिने दिले, मग ३१ डिसेंबर आला. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांच्या उच्च सुरक्षा नंबरपाटीचं (एचएसआरपी) बघा. पहिली मुदत ३१ मार्च २०२५, मग ३० एप्रिल, मग ३० जून, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. आमच्याकडे आता शेवटची तारीख जाहीर झाली की लोक पुढची कोणती ते विचारतात, आणि दर वेळी त्यांचंच खरं ठरतं. मी ‘अंतिम मुदत’ असं लिहिलं की खाली हसरे चेहरे येतात. मार्चच्या उन्हात सर्व्हर बंद, दंडाची भीती, दुचाकीला जीएसटीसकट ५३१ रुपये, हे सगळं सोसून ज्यांनी पहिल्या तारखेच्या आत पाटी बसवून घेतली, त्यांच्यासाठी मात्र कोणत्याच मंगळवारी काही निर्णय झालेला नाही.